काळी माती, तांबडी माती आणि टाकणखार : मृत्तिका-खनिजांकडून होणारे बोरॉनचे अधिशोषण

एखादे द्रव्य जमिनीत आहे, एवढ्यावरून ते पिकास मिळेलच असे अनुमान काढता येत नाही. "खत लागू पडले नाही" असे शेतकरी म्हणतो, तेव्हा बहुधा खत वाहून तरी गेलेले असते, किंवा जमिनीनेच ते धरून तरी ठेवलेले असते. या दोन शक्यतांतील दुसरी अधिक गूढ आहे. कारण तीत द्रव्य नाहीसे होत नाही, मुळांच्या हाताशी असूनही ते त्यांना परके राहते. बोरॉन या मूलद्रव्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष तीव्रतेने प्रत्ययास येते. वनस्पतीच्या वाढीस बोरॉन अत्यावश्यक आहे, हे १९२३ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी बाकल्याच्या पिकावर केलेल्या प्रयोगांनी सिद्ध केले. मात्र त्याची गरज अत्यल्प असते. जमिनीतून उकळत्या पाण्याने निघणारे बोरॉन दर दशलक्ष भागांत अर्ध्या भागापेक्षा कमी असेल, तर अनेक पिकांना त्याची उणीव भासू लागते. तेच पाच भागांच्या पुढे गेले की अपायाची भीती सुरू होते, आणि लिंबूवर्गीय झाडांसारख्या नाजूक वनस्पतींना त्याच्याही आधी. इतक्या अरुंद पट्ट्यात ज्या द्रव्याचा हिताहित-विवेक करावयाचा, त्याचा साठा जमीन कोठे करते, किती करते आणि केव्हा सोडते, हे कळल्यावाचून त्याच्या मात्रेविषयी बोलणे धाडसाचे होय.

हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जितका स्पष्टपणे मांडता येतो, तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच मांडता येईल. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, कोरपना तालुक्यात, गडचांदूर हे गाव आहे. त्याच्या पाठीशी माणिकगडचे डोंगर असून ते दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचे आहेत. पायथ्याशी पैनगंगा गटाचा अतिप्राचीन चुनखडक व शेल उघडा पडलेला आहे. सिमेंटचे कारखाने या परिसरात आले ते या चुनखडकासाठीच. बेसाल्ट झिजून झालेली भारी काळी जमीन, तीत चुनखडीचे कंकर, वर कापूस आणि तूर, असे येथील शेतीचे सर्वसाधारण रूप आहे. येथून पूर्वेकडे निघून वर्धा नदी व पुढे वैनगंगा ओलांडली, की पायाखालचा खडक बदलतो. तेथे ग्रॅनाइटासारखे पुरातन नाइस खडक आहेत, जमीन तांबडी-पिवळी, हलकी, किंचित आम्ल. शेतात भात आणि भोवताली अरण्य. एका बाजूस माँटमोरिलोनाइट या खनिजाचे राज्य, दुसऱ्या बाजूस केओलिनाइट आणि लोहाच्या भस्मांचे. एकाच पोत्यातील टाकणखार या दोन जमिनींत टाकला, तर त्याची गती सर्वस्वी भिन्न होते. ती भिन्न का होते, हेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. बोरॉन हे नाव नवे असले, तरी त्याचा क्षार मराठी घराला परका नाही. सोनार डाख देताना वापरतो तो टाकणखार आणि तान्ह्या मुलांच्या खोकल्यावर जिची लाही देत असत ती सवागी, ही एकाच पदार्थाची नावे होत. 'टाकणखार' हे संस्कृत 'टंकण' शब्दाचे अपत्य आहे, आणि कच्च्या टाकणखारासाठी युरोपात चालणारा 'टिंकल' हा शब्दही त्याच कुळातला. लडाख-तिबेटकडील सरोवरकाठचा हा क्षार शतकानुशतके व्यापारी मार्गांनी चहूकडे जात असे, त्याबरोबर त्याचे नावही गेले. 'बोरॅक्स' हा शब्द मात्र अरबी-फारसीतून आलेला आहे, आणि १८०८ मध्ये मूलद्रव्य वेगळे केले गेल्यावर 'बोरॉन' हे नाव त्यावरून घडले. दुसरा शब्द 'अधिशोषण'. 'ॲडसॉर्प्शन' ही संज्ञा कायझर याने १८८१ मध्ये प्रचारात आणली, ती 'ॲब्सॉर्प्शन'पासून एक भेद दाखविण्यासाठी : द्रव्य पदार्थाच्या अंतरंगात मुरले की पृष्ठावर बसले? मराठीत हा भेद 'अधि' या उपसर्गाने उत्तम प्रकारे दाखविला जातो. अध्यारोप, अधिष्ठान या शब्दांतला 'वर बसण्याचा' अर्थ येथेही आहे. हा केवळ शब्दच्छल नव्हे. बोरॉन प्रथम मृत्तिकेच्या पृष्ठावर बसते आणि मग, काही खनिजांत, सावकाश अंतरंगात शिरते. या दोन अवस्थांना दोन शब्द नसतील तर विवेचनात घोटाळा अटळ आहे.

आता बोरॉनच्या स्वभावाकडे वळू. जमिनीतील पाण्यात ते मुख्यतः बोरिक आम्लाच्या रूपाने असते. एका बोरॉन अणूभोवती तीन हायड्रॉक्सिल गट, असा हा सपाट त्रिकोणी रेणू होय. त्यावर विद्युत्भार नसतो. याला आम्ल म्हणतात खरे, परंतु त्याची आम्लता काहीशी वाकडी आहे. इतर आम्लांप्रमाणे ते स्वतःचा हायड्रोजन टाकीत नाही, तर पाण्यातील एक हायड्रॉक्सिल ओढून घेते. असे झाले म्हणजे बोरॉनभोवती चार हायड्रॉक्सिल होतात, त्रिकोणाचा चतुष्फलक बनतो आणि रेणूवर एक ऋणभार येतो. हा बोरेट आयन. सामू, म्हणजे पीएच, ९.२४ असताना ही दोन्ही रूपे समसमान असतात. सामू ७ असेल तर शंभर रेणूंमागे एकही बोरेट आयन भरत नाही. जेमतेम अर्ध्याहून किंचित अधिक भरतो. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत सामू ८.२ च्या आसपास असतो, तेथे हे प्रमाण शेकडा आठाच्या वर जाते. उलट ५.५ सामूच्या तांबड्या जमिनीत दहा हजारांत दोन बोरेट सापडणेही कठीण. सामूचे हे दोन-तीन अंश पुढील सगळ्या कथेत महत्त्वाचे ठरतात.

मृत्तिका-खनिजांची रचना पदव्युत्तर विद्यार्थ्यास परिचित असते. तिचा येथे लागणारा भाग तेवढा सांगावयाचा. ही खनिजे सूक्ष्म पापुद्र्यांची असतात. सिलिकाच्या चतुष्फलकांचा एक पत्रा व ॲल्युमिनाच्या अष्टफलकांचा एक पत्रा जोडला म्हणजे केओलिनाइटचा पापुद्रा होतो. ॲल्युमिनाच्या पत्र्यास दोन्ही बाजूंनी सिलिकाचे पत्रे लाभले म्हणजे माँटमोरिलोनाइटचा किंवा इलाइटचा. या तिन्ही नावांत गावे दडली आहेत, हे जाता जाता लक्षात घेण्यासारखे आहे : केओलिन हे चीनमधील एका उंच टेकडीचे नाव, माँटमोरियाँ हे फ्रान्समधील गाव, आणि इलाइटला १९३७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यावरून नाव मिळाले. माँटमोरिलोनाइटचे पापुद्रे पाणी शिरताच एकमेकांपासून दूर सरतात, म्हणूनच काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आतले-बाहेरचे सर्व पृष्ठ धरले, तर या खनिजाच्या एका ग्रॅमचे क्षेत्र सात-आठशे चौरस मीटर भरते. केओलिनाइटचे दहा-वीसच. शिवाय माँटमोरिलोनाइटच्या रुंद पृष्ठावर कायमचा ऋणभार असल्याने कॅल्शियम, पोटॅशियम, अमोनियम यांसारखे धनायन ते मुबलक धरून ठेवते. काळ्या जमिनीचा कस ज्यावर आधारलेला आहे, तो हा गुण.

यावरून असा समज होणे साहजिक आहे, की बोरॉनही याच विशाल पृष्ठावर बसत असेल आणि म्हणून माँटमोरिलोनाइट इतरांच्या कितीतरी पट बोरॉन धरीत असेल. हा समज चुकीचा आहे. बोरिक आम्लाला भार नाही, त्यामुळे त्याला त्या पृष्ठाचे आकर्षण नाही. आणि बोरेटला ऋणभार आहे, त्यामुळे ऋणभारित पृष्ठ त्याला दूरच लोटते. बोरॉनची जागा अन्यत्र आहे. पापुद्रा जेथे संपतो, जेथे स्फटिकातील बंध तुटून उघडे राहिलेले असतात, त्या कडांवर. तेथे ॲल्युमिनियमला (आणि काही ठिकाणी सिलिकॉनला) लागून हायड्रॉक्सिल गट असतात. बोरॉन येऊन त्या हायड्रॉक्सिलशी व्यवहार करते : एक पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि बोरॉन ऑक्सिजनच्या दुव्याने थेट कडेच्या धातूशी जोडले जाते. रसायनशास्त्रात याला संलग्नी-विनिमय म्हणतात. हे निव्वळ विद्युत्-आकर्षण नव्हे, प्रत्यक्ष बंध होय; म्हणून नुसत्या क्षाराच्या द्रावणाने, धनायन धुऊन काढावेत तसे, बोरॉन निघून येत नाही. अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने सू आणि सुआरेझ यांनी १९९५ मध्ये दाखविले, की पृष्ठावर बसलेले बोरॉन त्रिकोणी आणि चतुष्फलकी अशा दोन्ही रूपांत आढळते.

माँटमोरिलोनाइटचे पृष्ठ अफाट असले, तरी त्यात कडांचा वाटा अल्प असतो. वजनास वजन घेतले तर बोरॉनच्या अधिशोषणात इलाइट पहिला, माँटमोरिलोनाइट दुसरा आणि केओलिनाइट शेवटचा असा क्रम प्रयोगांत पुनःपुन्हा आढळलेला आहे. धनायन-विनिमयाच्या क्रमाशी हा क्रम जुळत नाही. जमिनीच्या कसाचा जो आकडा मृदापरीक्षणात सर्वांत आधी पाहिला जातो, तो बोरॉनबाबत फारसे काही सांगत नाही, हे या विषयातील पहिले आणि सर्वांत उपेक्षित सत्य म्हणावे लागेल.

सामूचा परिणाम याहून रोचक आहे. सामू ६ पासून वाढवीत नेला, तर अधिशोषण वाढत जाते, ९ च्या सुमारास शिखर गाठते आणि नंतर झपाट्याने उतरते. आलेख काढला तर टेकडीसारखा दिसतो. याची समाधानकारक उपपत्ती इस्रायलमधील केरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये माँटमोरिलोनाइटवरील प्रयोगांतून मांडली. कडेवरील जागा मोजक्या. त्यांसाठी उमेदवार तीन : बोरिक आम्ल, बोरेट आयन आणि पाण्यातील हायड्रॉक्सिल आयन. पंगतीत पाट ठरावीक असावेत आणि तीन घरांची माणसे यावीत, तसा हा प्रकार. बोरिक आम्लाचा जागेवरील हक्क सर्वांत दुर्बळ, बोरेटचा त्याहून पुष्कळ सबळ, आणि हायड्रॉक्सिलचा सर्वांत बळकट. सामू कमी असताना बोरेट जवळजवळ नसतोच, हायड्रॉक्सिलही नसतो. दुर्बळ हक्काचे बोरिक आम्ल तेवढे काही जागा पटकावते. सामू वाढला की बोरेटांची संख्या वाढते आणि पाट भराभर भरतात. ९ च्या पुढे मात्र बोरेटांची वाढ मंदावते, हायड्रॉक्सिलांची गर्दी दर अंशास दहापट होत राहते आणि ते बोरॉनला उठवून लावतात. तीन स्थिरांकांवर उभी असलेली ही मांडणी इतकी साधी आहे, की तिच्या यशाचे आश्चर्य वाटते. लँगम्यूरच्या १९१८ मधील समीकरणाचाच हा विस्तार होय.

गडचांदूरसारख्या ठिकाणच्या काळ्या जमिनीला हे लावून पाहावे. चुनखडीमुळे तेथील सामू ८ च्या वर राहतो, म्हणजे टेकडीच्या चढणीवर, शिखराच्या बरेच जवळ. मृत्तिकेचे प्रमाण भारी जमिनीत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते. त्यामुळे कडा प्रत्येकी थोड्या असल्या तरी एकंदरीत पुष्कळ होतात. चुनखडीचे कणही स्वतः काही बोरॉन धरतात, पण त्यांची मुख्य कामगिरी सामू चढता ठेवण्याची आहे. आणखी एक गोष्ट अशी, की येथील मृत्तिकेच्या पृष्ठावर प्रामुख्याने कॅल्शियम असते. सोडियमने भरलेल्या माँटमोरिलोनाइटपेक्षा कॅल्शियमने भरलेला माँटमोरिलोनाइट अधिक बोरॉन धरतो, असे प्रयोगांत दिसते. कारण मनोरम आहे. पापुद्र्याच्या रुंद पृष्ठाचा ऋणभार हा कडेपाशीही आपली छाया टाकतो आणि बोरेटला जवळ येऊ देत नाही. सोडियम सैल बसतो, त्यामुळे ही छाया लांबवर पसरते. द्विभारी कॅल्शियम घट्ट बसून ती आखूड करतो, आणि बोरेटला कडेपर्यंत वाट मिळते. पाण्यातील क्षारांचे प्रमाण वाढले तरी हाच परिणाम होतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि कोरपन्याची काळी जमीन दिसायला सारख्या असल्या, तरी बोरॉनच्या दृष्टीने त्यांना एका मापाने मोजणे म्हणूनच योग्य नव्हे.

जुन्या मध्यप्रांतातील जमाबंदीत जमिनीची कन्हार, मोरांड, खरडी, वरडी, बरडी अशी वर्गवारी होती. गडचांदूरचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने तेथे ती सरकारी कागदोपत्री लागू नव्हती. वर्धा नदीच्या अलीकडे मात्र ती बोलीत मुरलेली होती. यांपैकी 'मोरांड' म्हणजे कंकरमिश्रित काळी जमीन. सामू, चुना आणि मृत्तिका या तिन्हींची सूचना एका शब्दात करणारी ही संज्ञा आधुनिक वर्गीकरणाच्या लांबलचक नावांपेक्षा शेताच्या बांधावर अधिक उपयोगी आहे, हे नाकारता येत नाही.

येथवर पृष्ठाचे झाले. आता अंतरंगाचे. बोरॉनचा अणू लहान असतो, सिलिकॉनपेक्षाही लहान, आणि चतुष्फलकात बसण्याची त्याला सवय असते. त्यामुळे इलाइटसारख्या खनिजात, कडेवर बसलेले बोरॉन कालांतराने सिलिकाच्या पत्र्यात शिरून सिलिकॉनची किंवा ॲल्युमिनियमची जागा घेते. ही क्रिया अतिशय मंद असते. तिचा सर्वांत भव्य पुरावा समुद्रतळाशी सापडतो. सागराच्या पाण्यात बोरॉन दर लिटरला सुमारे ४.५ मिलिग्रॅम असते. नद्यांनी आणलेली मृत्तिका त्या पाण्यात युगानुयुगे पडून राहते आणि बोरॉन घेते. यामुळेच शेल खडकात बोरॉनचे प्रमाण दशलक्षांत सरासरी १०० भागांच्या घरात असते. चुनखडकात ते २० च्या आसपास आणि बेसाल्टमध्ये अवघे ५. १९३२ मध्ये गोल्डश्मिट व पीटर्स यांनी बोरॉनच्या या भूरासायनिक वाटचालीचे विवेचन केले, आणि पुढे गाळाचा खडक खाऱ्या पाण्यात बनला की गोड्या, हे ठरविण्यासाठी बोरॉनचा साक्षीदार म्हणून उपयोग होऊ लागला. या साक्षीदाराची उलटतपासणीही पुष्कळ झाली आहे. कारण इलाइट किती आणि मूळचे बोरॉन किती, हे वजा केल्यावाचून त्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. बोरॉनच्या १० व ११ वस्तुमानांकांच्या दोन समस्थानिकांपैकी हलका समस्थानिक चतुष्फलकी रूपात अधिक रमतो, म्हणून मृत्तिका तो निवडून घेते. सागराचे पाणी त्यामुळे जड समस्थानिकाने समृद्ध राहिले आहे. प्रयोगशाळेतील चंबूत जे घडते, त्याचीच ही महासागराएवढी आवृत्ती होय.

या आकड्यांतून गडचांदूरच्या जमिनीविषयी एक अनुमान निघते. जी जमीन डोंगरावरून आलेल्या बेसाल्टच्या गाळाची, तिची बोरॉनची वारसासंपत्तीच तुटपुंजी. आणि आहे तेही सामूच्या कृपेने घट्ट धरलेले. जी जमीन पैनगंगा गटाच्या शेलवर तयार झाली, तिचा वारसा मोठा, परंतु त्यातील बराचसा भाग स्फटिकात कोंडलेला, केवळ खडक झिजेल त्या गतीने सुटणारा. दोन्हीकडे एकूण बोरॉनचा आकडा पिकाच्या दृष्टीने फसवा ठरतो. शेजारशेजारच्या दोन शेतांत खडक बदलत असेल, तर गावासाठी एकच शिफारस करणे हे शास्त्राच्या नावावर केलेले अंदाजपंचेच होय.

सुकणे आणि भिजणे यांचाही येथे विचार केला पाहिजे, कारण विदर्भाच्या उन्हाळ्यात वरचा थर कोरडाठणठणीत होतो. माँटमोरिलोनाइट आणि इलाइट पुनःपुन्हा भिजवून सुकविले असता ते जास्त बोरॉन पक्के करतात. केओलिनाइटमध्ये असा परिणाम नगण्य असतो. शिवाय बोरॉन मुळांकडे जाते ते मुख्यतः पाण्याच्या प्रवाहाबरोबर. पावसाने दीर्घ ओढ दिली की प्रवाह थांबतो आणि त्याच वेळी सुकणारी मृत्तिका आपली मूठ आवळते. कपाशीला बोरॉनची गरज भातापेक्षा पुष्कळ अधिक, आणि तीही पाते लागण्याच्या व बोंडे धरण्याच्या काळात. कारण नव्या पेशींच्या भित्तिकेत पेक्टिनचे धागे एकत्र बांधण्याचे काम बोरॉनकडे असते. ऐन वेळी ते न मिळाल्यास पातेगळ होते, देठांवर वलये उमटतात. अर्थात पातेगळीची कारणे अनेक आहेत. प्रत्येक गळीला बोरॉन जबाबदार धरणे हे ते अजिबात न धरण्याइतकेच अनिष्ट.

वैनगंगेच्या पलीकडे चित्र पालटते. तेथील तांबड्या जमिनीत केओलिनाइट असतो, म्हणजे तिन्हींत सर्वांत कमी धारणेचा. सामू आम्लाकडे, म्हणजे बोरेट नाहीच. पाऊस भरपूर. अशा ठिकाणी भाररहित बोरिक आम्ल पाण्याबरोबर सरळ खाली निघून जाते. परंतु या जमिनीचा तांबडा रंग ज्यामुळे आहे, त्या लोहाच्या, आणि जोडीच्या ॲल्युमिनियमच्या, भस्मांना विसरून चालणार नाही. मृत्तिकेच्या कणांवर यांची पुटे चढलेली असतात. सिम्स आणि बिंगहॅम यांनी १९६७-६८ मधील आपल्या शोधनिबंधांत दाखवून दिले, की मृत्तिका धरते असे वाटणारे बरेचसे बोरॉन प्रत्यक्षात ही पुटेच धरतात. पुटे काढून टाकली की धारणा घटते. ताजे निक्षेपित झालेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड यात सर्वांत समर्थ. जुने होऊन त्याचे स्फटिक बनले की हे सामर्थ्य ओसरते. यातूनच एक विपरीत घडते. आम्ल जमीन सुधारावी म्हणून तीत चुना घातला, तर सामू वाढतो, विरघळलेले ॲल्युमिनियम ताज्या हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसते आणि जे थोडेफार बोरॉन पाण्यात होते तेही गिळून टाकते. चुन्याच्या पाठोपाठ बोरॉनची उणीव दिसू लागल्याचे अनुभव अनेक देशांत नोंदलेले आहेत. पूर्वेकडील जमिनीस चुना देताना बोरॉनची तपासणी सोबत व्हावी, ही मागणी म्हणूनच अवाजवी नाही.

या तपासणीची रीत १९३९ मध्ये बर्जर व ट्रुओग यांनी घालून दिली : माती पाण्यात ठरावीक वेळ उकळावयाची आणि गाळलेल्या पाण्यातील बोरॉन रंगाच्या तीव्रतेवरून मोजावयाचे. भांडी मात्र बोरोसिलिकेट काचेची नसावीत, नाहीतर काचेतलेच बोरॉन मोजले जाते. रंगासाठी दीर्घकाळ वापरलेले अभिक्रियाकारक म्हणजे कर्क्युमिन, हळदीचे रंगद्रव्य. आम्लाच्या सान्निध्यात बोरॉन मिळताच पिवळे कर्क्युमिन तांबडे होते. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार देऊन कुंकू तयार करण्याची आपल्याकडील जुनी पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या परीक्षेत परके काही वाटणार नाही. अधिशोषण मोजावयाचे असल्यास बोरॉनच्या वाढत्या तीव्रतेची द्रावणे मातीबरोबर एक दिवसभर हलवीत ठेवतात आणि द्रावणातून किती नाहीसे झाले ते पाहतात. मात्र धरलेले बोरॉन परत काढू लागल्यास ते त्याच वाटेने परतत नाही. अनेक जमिनींत काही भाग मागे अडून राहतो. घेण्याचा आलेख आणि देण्याचा आलेख यांत पडणारी ही फट म्हणजेच खत दिल्याच्या आणि खत मिळाल्याच्या हिशेबातील फट.

हिशेब करून पाहण्याजोगा आहे. टाकणखारात बोरॉन शेकडा ११.३ असते. हेक्टरी १० किलो टाकणखार म्हणजे १.१३ किलो बोरॉन. वरच्या १५ सेंटीमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो धरले, तर ही भर दशलक्षात अर्ध्या भागाहून किंचित अधिक होते. काळ्या जमिनीत यातील मोठा वाटा कडांवर जाऊन बसेल आणि पिकास जाणवेल तो उरलेला. हलक्या तांबड्या जमिनीत जवळजवळ सर्व पाण्यात राहील. पेरणीनंतर पावसाने उघडीप दिली तर कोवळ्या रोपांना जाच होईल आणि मुसळधार पाऊस झाला तर दुसऱ्या वर्षी त्याचा मागमूसही राहणार नाही. पहिल्या जमिनीत पानांवर फवारणी करून मृत्तिकेला वळसा घालणे शहाणपणाचे. दुसरीत थोडे थोडे, विभागून, शक्य तर सेंद्रिय खताबरोबर देणे श्रेयस्कर. सेंद्रिय द्रव्य वजनास वजन मृत्तिकेहून अधिक बोरॉन धरते आणि कुजताना ते सावकाश सोडते. पूर्वेकडील जमिनीला जे कोठार निसर्गाने दिलेले नाही, ते शेणखत काही अंशी पुरविते.

उलट बाजूचा धोकाही या जिल्ह्यात आहे, आणि तो कोळशातून येतो. दगडी कोळशात बोरॉन असते. कोळसा जळताना ते बाष्परूप होऊन पुढे राखेच्या बारीक कणांच्या पृष्ठावर साचते, आणि म्हणून राख भिजताच चटकन विरघळते. ताज्या राखेवर वनस्पती नीट वाढत नाहीत, याचे एक प्रमुख कारण बोरॉनचा अतिरेक हे १९५० नंतरच्या दशकांत ब्रिटनमधील प्रयोगांनी निदर्शनास आणले. चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील औष्णिक विद्युत् केंद्र महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. अशा केंद्रांची राख सिमेंटमध्ये मिसळली जाते, तेव्हा तिची एक सोय लागते. जी उरते ती शेतात घालावी, तीमुळे जमीन भुसभुशीत होईल, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. या सल्ल्याचा विचार करताना मृत्तिकेला विचारणे अगत्याचे आहे. भारी काळी जमीन राखेतील बोरॉन काही काळ धरून ठेवील आणि पिकाला झळ लागू देणार नाही. परंतु जागा भरत आल्या की द्रावणातील बोरॉन वाढू लागेल, आणि मग ते धुऊन काढणे सोपे नसते. साधे क्षार धुण्यास जितके पाणी लागते, त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी बोरॉन धुण्यास लागते, कारण कडांवरचा साठा द्रावणाला पुनःपुन्हा भरून काढीत राहतो. हलक्या जमिनीत असा साठा नसतो; तेथे बोरॉन थेट विहिरीच्या पाण्याकडे निघते, आणि त्याच पाण्यावर पुढे संत्र्यामोसंबीची बाग असेल, तर सिंचनाच्या पाण्यात दर लिटरला एक मिलिग्रॅम बोरॉनसुद्धा त्या झाडांना जास्त होते. राख घालण्यापूर्वी राखेतील विद्राव्य बोरॉन आणि त्या विशिष्ट जमिनीची अधिशोषण-मर्यादा हे दोन आकडे काढले पाहिजेत. दोन्ही काढण्यास लागते ती एक दिवस हलविलेली बाटली आणि चिमूटभर कर्क्युमिन.